सोन्याचा दात

पंचवटीहून येईस्तोवर सूप गार झालं, म्हणून अनवरी डबा घेऊन हॉस्पिटलच्या कॅन्टीनच्या रांगेत उभी राहिली. पुढे नर्सिंगच्या दोन मुली होत्या.

“परवा चेहऱ्याची नस तपासताना म्हटलं, काका, दात दाखवा. सोन्याचा दात दाखवून काय हसले गं!”

“आणि आज?”

“डोळ्यांत टॉर्च मारला, तर दोन्ही बाहुल्या तशाच मोठ्या. चिमटा काढला, तरी हूं नाही की चूं नाही.”

“सिस्टरना सांगितलंस?”

“लगेच. डॉक्टर बघून गेले. म्हणाले, आता काही उरलं नाही. बायको आली की सांगू.”

“रोज सूप आणतात त्याच?”

“त्याच.”

मुली चहा घेऊन निघून गेल्या.

“बोला मावशी, काय देऊ?”

“सूप गरम करायचंय, भाऊ. मंद आचेवर ठेवा. मला घाई नाही.”