डावीकडची बासरी

दातांच्या दवाखान्यात टेलरबाई गाल धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक मामा आणि त्यांची भाची.

"मामा, वाद्यवृंदात तुला घेतलं नाही म्हणजे काय? वाजवलं नाहीस का नीट?"

"वाजवलं गं. आवडलंही त्यांना. पण सगळ्यांच्या बासऱ्या उजवीकडे, माझी एकट्याची डावीकडे. शेजारच्याच्या बासरीवर आदळली, तीही दोनदा. हात बदलून या म्हणाले."

"अशी उलटी शिकवली कुणी तुला?"

"तुझ्या आजोबांनीच. समोर बसवायचे. त्यांची बासरी मला ज्या बाजूला दिसायची, त्या बाजूला मी माझी धरली. लहान होतो, डावं-उजवं कुठलं कळतंय."

"आणि ते काही बोलले नाहीत?"

"आईने टोकलं एकदा. तर म्हणाले, असू दे, मन लावून वाजवतोय."

आतून टेलरबाईंना हाक आली. त्यांनी पलीकडच्या गृहस्थांना हातानेच पुढे व्हायला सांगितलं.

"मग आता बदलणार हात?"

"छे."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. बासरी कपाटावर टाकून दिली होती. मग काल म्हटलं, हे उलटं दिसतं तरी कसं ते बघू, आणि आरशासमोर बसलो. उपकारच झाले गं त्या लोकांचे. एवढी वर्षं वाजवतोय, आरशात कधी बघितलंच नव्हतं."

"काय दिसलं?"

"केस पिकलेत आता माझे. नाक तर त्यांचंच. आणि बासरी बरोब्बर त्याच बाजूला. तासभर समोर बसून वाजवत होते बाबा."