केलं हिरोनं, झाला आप्पासो!

...आन् चूक कुणाची? त्या हिरोची! मग शब्द कुणाच्या नावानं निघाय पायजे? हिरोच्याच ना? तुमास्नी सांगतो, मी आप्पासो, नुसता फेटा घेऊन उभा हुतो!

झालं काय, मेढ्यात मी व्यायामशाळा काढली. फौजेतनं रिटायर झालेला गडी, दुसरं काय काढणार, ब्युटी पार्लर? उद्घाटनाला थेट मुंबईचा हिरो, वीरधवल! बँड आला, पैलवान आले, बायका आरत्या धरून सकाळधरनं उभ्या... दुपार कलली तवा काळी गाडी आली. मी फेटा घेऊन म्होरं! काच चार बोटं खाली झाली, आतनं गॉगल दिसला, "लव्ह यू मेढाऽऽ" एवढं म्हणाला, काच वर, आन् गाडी वळून सुसाट! फीत तशीच, नारळ तसाच, आन् मी... नुसता फेटा घेऊन उभा!

दुसऱ्या दिवशी टपरीवर आमचा प्रशांत म्हणतोय, "लाइट यील म्हणून हिरीवरच्या मोटारीपाशी बसलो, आलीच न्हाई गड्या, पार आप्पासो झाला माजा!" आरं, आजपत्तूर पोपट व्हायचा की रं तुमचा! त्यो सुटला आन् मी घावलो व्हय? म्हणलं, वीरधवल झाला म्हणा की! तर टपरीवाली भामाबाई म्हणती, "नगं बाबा, त्यो कुठं आपला हाय?" बघा! मी आपला, म्हणून मी!

आवं, फौजेत हजेरीला ह्ये नाव पुकारलं की 'हाजीर साब!' म्हणून पाय आपटायचो मी. लागतंय ना मनाला! पर हार मानंल त्यो मी न्हवं. घरात तर ताकीदच दिली, ह्यो शब्द उंबऱ्याच्या आत चालायचा न्हाई!

परवा लोणंदला पाव्हण्याकडं गेलो. तितं बाजारात एक आडत्या म्हणतोय, "भाव चढंल म्हणून कांदा ठिवला, आप्पासो झाला!" लोणंदपत्तूर? छाती काढून म्हणलं, "आवं, त्यो आप्पासो म्हंजी मीच!" त्यानं मला वरनं खालपत्तूर बघितलं. "तसा माणूस नसतोय ओ. बोलायची रीत हाय ती."

म्हंजी मी न्हाईच! फेटा कोण घेऊन उभा हुता मग, बुजगावणं?

तणतणत माघारी निघालो, साताऱ्याच्या स्टँडबाहीर आलो. मेढ्याची शेवटची येष्टी समोरनं आली. मी हात केला, कंडक्टरनंबी हसून हात केला... आन् गाडी सुसाट! तेवढ्यात बायकोचा, दीपमालाचा फोन. "आवं, कुठवर आलाय? ताट वाढू का?" आता काय सांगावं? लय डोकं खाजवलं, शप्पत सांगतो, दुसरा शब्दच सुचंना!

म्हणलं, "झाकून ठिव... माजा आप्पासो झाला."