उघड्या चाकांची गाडी लातूरला गेली

माझं नाव हमीदाबी. माहेर देगलूरचं, सासर नांदेडचं. बाप देगलूरच्या बाजारात भांड्यांना कल्हई करायचा, म्हणून कथलाचा आन् नवसागराचा वास मला आईच्या दुधासंगंच मिळाला म्हणा ना. घरात आम्ही दखनी बोलायचो, गल्लीत मराठी, आन् बाजाराच्या दिवशी सीमेपलीकडले लोक आले की तेलुगू. तीन भाषांत भाव करता येतो मला, शाळा मात्र चौथीपर्यंतच. बाकीचं वाचायला मागून मीच शिकले, ट्रकच्या पाठीमागं लिहिलेलं वाचून वाचून.

लग्न झालं ते युसूफमियांसंगं, त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. तुम्ही म्हणाल रेडिएटर म्हंजी काय, तर इंजिनाच्या तोंडाशी पितळी जाळी असती बगा, तिच्यातून पाणी फिरतं आन् इंजिन थंड राहतं, आन् ती गळाया लागली की गाडी तापून रस्त्यातच उभी. आमचे मियां ती जाळी खोलायचे, धुवायचे, जिथं भोक असंल तिथं कथलाचा डाग द्यायचे. मी दुपारचा डबा घेऊन जायची आन् ते जेवायचे तवर जाळी धरून बसायची, मंग हळूहळू त्यांनी जाळी धरायची आन् डाग मी द्यायचा असं व्हाया लागलं, कधी झालं ते आम्हा दोघांनाबी कळलं न्हाई. ते गेले तवा दीर म्हणाला, भाभी, दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊन टाका, बाईमाणसाचं काम न्हाई हे. मी म्हणलं बघू. पहिला ड्रायव्हर आला, मला बघून परत निघाला, म्हणला बाई डाग देणार का. मी म्हणलं, थांब, डाग देते, जाळी हौदात बुडवते, हवा सोडते, एक बुडबुडा जरी आला तरी ही जाळी तुझ्या हातानं माझ्या डोक्यात घाल. बुडबुडा आला न्हाई. तवापासून सगळे मला आपा म्हणतेत.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आमच्या कामात लांबच्या फेरीला निघालेल्या गाडीच्या रेडिएटरात मूठभर हळद टाकायची रीत हाय. बारीक भोक असलं, डोळ्याला न दिसणारं, तर हळद तिथं जाऊन बसती आन् गळती थांबती. सगळ्या ड्रायव्हरांना ठावं हाय हे. मी तर भोक असो नसो टाकायची. लेकराला बाहेर नेताना काजळाचा टिका लावतो ना आपण, तसं.

एक दिवस दुकानासमोर एक पोरगी येऊन उभी राहिली. हातात फुटकी जाळी, अंगात कॉलेजचा निळा कोट, त्याच्यावर तेलाचे डाग. म्हणली, आपा, मी वैशाली, बिलोली तालुक्यातली, इथं शहराबाहेरच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करून राहिले. आम्ही पोरापोरींनी मिळून रेसची गाडी बनवलीय, पण ती तापती. मी म्हणलं रेसची म्हंजी कसली? तर तिनं मोबाइलवर दाखवली. वर छत न्हाई, दारं न्हाईत, चारी चाकं बाहेर उघडी, मधी एकट्यानं पाय लांब करून बसायचं, बसायचं काय निजायचंच. मी म्हणलं, अगं ही तर गाडी कापडं घालायचीच इसरली. लई हसली पोरगी. मंग सांगितलं तिनं, देशभरच्या कॉलेजांच्या असल्या गाड्या एका मैदानावर जमतेत, बाहेरच्या देशांतलीबी पोरं येतेत. शेवटच्या दिवशी लांब पल्ल्याची फेरी असती, ती पुरी केली तरच खरं. नांदेडची गाडी दोन वर्षं मधीच तापून बंद पडली होती. आन् औंदा प्रिन्सिपॉल साहेब म्हणाले होते, ह्या वर्षी गाडी पुरी पळाली तर तुमची टीम ठेवतो, न्हाई तर गाडी बनवायच्या खोलीला कुलूप.

मंग काय, दोन महिने ती सगळी माझ्याच दुकानात. एका जुन्या छोट्या मोटारीची पितळी जाळी मी कापून त्यांच्या मापाची केली. त्यातलं एक पोरगं, जरा गुबगुबीत, सारखं म्हणायचं आपा, वजन वाढून राहिलं, अॅल्युमिनियमची हलकी असती. मी म्हणलं, मंग तू दोन भाकरी कमी खा, तेवढंच गाडीचं वजन उतरंल. वैशाली म्हणायची, आपा, हा गाडीत बसतच न्हाई, मी बसते. हाव, गाडी तीच चालवायची. सगळ्यात हलकी तीच होती. बाप बांधकामावर विटा उचलतो तिचा, एकदा लेकीला भेटाया आला तर माझ्याच दुकानात चहा घेतला त्यानं. बराच येळ गाडीकडं बघत राहिला, मंग लेकीला म्हणला, ह्याच्यात बसून जायचं कुठं? ती म्हणली, कुठंच न्हाई बाबा, जिथून निघती तिथंच येती. तो म्हणला, मंग जपून ये.

गाडी टेम्पोत चढवायच्या दिवशी दुपारी पोरं दोऱ्या बांधण्यात गुतली होती. मी हौदात जाळी तपासली होती, एकदा न्हाई तीनदा, एक बुडबुडा न्हाई. तरी काय सांगू तुम्हाला, माझ्या मनात आलं, दोन वर्षं ही गाडी तापली, आता ह्या लेकरांचं सगळं माझ्या डागावर. झाकण उघडलं आन् मूठभर हळद सोडली आत. कुणाला सांगितलं न्हाई. सांगायची गोष्टच वाटली न्हाई ती मला.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. वैशालीचा आवाज शांत होता. म्हणली, आपा, पाण्यात काही टाकलं होतं का तुम्ही? मी म्हणलं हाव, हळद. गळाया लागली का? ती म्हणली, न्हाई आपा. इथं नियम हाय, रेडिएटरात निव्वळ साधं पाणी पाहिजे. दुसरं काही रस्त्यावर सांडलं तर मागच्या गाड्या घसरतेत. तपासणाऱ्यानं झाकण उघडलं तर पिवळं. आम्ही धुऊन राहिलो. तुम्ही काळजी करू नका. आन् ठेवला फोन.

हळद कशी असती तुम्हाला ठावंच हाय, लुगड्याला लागली तर जाती का? धा येळा पाणी बदललं म्हणे पोरांनी, तरी पिवळं ते पिवळंच. शेवटी निघालं एकदाचं साफ, तपासणी पास झाली, पण तवर शेवटच्या फेरीची रांग बंद झालेली. गाडी उभी राहिली, आन् दुसऱ्यांच्या गाड्या पळताना आमच्या लेकरांनी कुंपणाला धरून बघितल्या. हळद निघाल्यावर जाळी गळाली का, हे मी नंतर इचारलं त्या गुबगुबीत पोराला. तो म्हणला, एक थेंब न्हाई आपा. म्हंजी बगा, माझा डाग पक्का होता. मलाच त्याच्यावर भरवसा नव्हता. हे मला जास्त लागलं, आजबी लागतं.

त्याच पोराकडून कळलं, वैशालीनं प्रिन्सिपॉल साहेबांना हळदीचं सांगितलंच न्हाई. म्हणली, आमचीच तयारी कमी पडली, मी कॅप्टन हाय, चूक माझी. ते ऐकून मला घरात बसवंना. बुरखा चढवला, रिक्षा केली, थेट कॉलेज. साहेब चांगला माणूस, उगंच कशाला वाईट बोलू, मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणलं, साहेब, पोरीचं काही चुकलं न्हाई, चूक माझ्या हाताची हाय, मला काय ते बोला, पण कुलूप लावू नका. ते म्हणाले, आपा, खोलीचं तर ठरल्यासारखंच होतं. मेकॅनिकलला पोरं येईनात, सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे, दोन-तीन वर्षांत ती शाखाच बंद होणार, त्या खोलीत कॉम्प्युटर बसणार. मी म्हणलं, मंग लेकरांना कामून म्हणलात, पळाली तर ठेवतो? साहेब चहा ढवळत राहिले. म्हणाले, पळाली असती तर मला वर भांडायला तोंड राहिलं असतं. आता काय घेऊन जाऊ? म्हंजी माझ्या हळदीनं काही बिघडलं का न्हाई बिघडलं, हे मला अजूनबी कळत न्हाई. रोज येगळं वाटतं.

गाडी भंगारात जायची होती. पोरं म्हणायची, आपा, तुमच्या दुकानात ठेवू, नांदेडची गाडी नांदेडात राहील. मीबी जागा केली. पण वैशाली दोन दिवस आलीच न्हाई, तिसऱ्या दिवशी आली ती लातूरच्या एका कॉलेजच्या सरांना फोन करूनच. तिकडं मेकॅनिकल अजून भरतं, पोरं हायेत, पण त्यांच्याकडं गाडी न्हाई. बाकीची भडकली. लातूरला? आमची गाडी लातूरला? तुम्हाला तर ठावं हाय नांदेड-लातूरचं, क्लासवरून, पाण्यावरून, सगळ्यावरून चढाओढ. एक जण म्हणला, त्यापेक्षा भंगारात दे.

तवा तिनं सांगितलं ते माझ्या लई ध्यानात राहिलं. म्हणली, ह्याच जातीच्या उघड्या चाकांच्या मोठ्या गाड्या जगभर पळतेत, तुम्हाला वाटतं अमेरिकेत तरी त्यांचं बरं असंल, एवढा श्रीमंत मुलूख. तिथं तर ह्या गाड्यांची शर्यतच टिकता टिकत नव्हती. एका गावात काही वर्षं, मंग तिथून उठली, दुसऱ्या गावात, तिथूनबी उठली, मधी तर कित्येक वर्षं झालीच न्हाई. पण दर येळेला कुणीतरी उचलून नव्या गावाला नेली, म्हणून आज हाय. ज्या गावातून गेली त्यांना वाईट वाटलंच असंल ना? पण दुकानात झाकून ठेवली तर ती गाडी राहती का, सांगा, का नुसतं लोखंड? मी उठले आन् जागा केलेली तिथं परत सामान लावाया लागले.

लातूरच्या सरांनी आधीच सांगितलं होतं, सांगाड्यात बराच फरक करू, इंजिन, चाकं आन् जाळी तीच ठेवू, पण गाडी आमच्या कॉलेजच्या नावानं उतरंल, तुमचं नाव राहणार न्हाई. गाडीच्या नाकावर गोदाई लिहिलेलं होतं, पांढऱ्या रंगात. ते पुसायला कुणी पुढं येईना. टेम्पोवाला हॉर्न वाजवून राहिला. मी म्हणलं, द्या इकडं थिनर, मी पुसते. वैशालीनं माझ्या हातातली चिंधी घेतली. न्हाई आपा, म्हणली, लिहिलं मी, पुसते मी. आधी ई पुसला, मंग दा, मंग गो. रडली न्हाई. पुसून झाल्यावर हात हुंगून म्हणली, लई वास येतो ह्याचा. टेम्पो गेला तवा मात्र कुणी मागं बघितलं न्हाई, जो तो आपापल्या बाजूनं निघून गेला.

आता वैशाली पुण्याला हाय, पंपाच्या कारखान्यात. ऐतवारी फोन करती. माझं दुकान चालू हाय म्हणायचं, पण नव्या ट्रकांना प्लास्टिकच्या तोंडाचे रेडिएटर, त्यांना डाग लागत न्हाई, फुटला की फेकायचा. आठवड्याला एखादी पितळी जाळी आली तर आली. माझ्यामागं हे काम करणारं कुणी न्हाई, आन् त्याचं मी आता वाईट वाटून घेत न्हाई.

मागल्या महिन्यात लातूरच्या सरांचा फोन आला. आपा, गाडी शेवटची फेरी पुरी करून आली. निलंग्याकडली पोरगी होती चालवायला. मी लगेच वैशालीला लावला फोन. तिनं इचारलं, कितवी? मी म्हणलं शेवटून पाचवी. म्हणली, तापली का? मी म्हणलं न्हाई. मंग हळूच इचारलं, आपा, नाव काय ठेवलं तिचं त्यांनी?

मी म्हणलं, बेटा, मी इचारलंच न्हाई.

ती म्हणली, बरं केलं.

अल्ला त्या निलंग्याच्या लेकराचे हात सलामत ठेवो, आन् माझ्या वैशालीला सुखी ठेवो. ती गाडी आता आमची न्हाई. पळती हाय, तेवढं बास झालं.