पांढऱ्या बिया

नेमसिंग : …पारूनं भाकर खाल्ली सकाळी, ठेच्यासंगं. वरून ताक. तेच सांगितलं मी नर्सबाईला. ती फिरून फिरून तेच विचारते. दुसरं काय खाल्लं, दुसरं काय खाल्लं. आता दुसरं कुठून आणू, पद्माबाई?

पद्माबाई : मिरा काय म्हणली?

नेमसिंग : पोरीची माय असून मिराला काय ठावं? ती दिसभर तुमच्या शेतात वांगी खुरपत व्हती. पारू तुमच्यापाशी सावलीत खेळते, एवढंच तिला ठावं.

पद्माबाई : व्हय. माझ्यापाशीच व्हती.

नेमसिंग : म्हणून तर नजरंला पडलं. मी तिकडं नाल्यापल्याड वखर हाणत व्हतो. हाक आली, पळत आलो, तर पोरगी गाडीत आन् बैल जुंपलेले. हिंगोलीच्या ह्या दवाखान्यापर्यंत तुमी बैल पळवले. बाई माणूस असून पळवले. मी हे इसरणार न्हाई.

पद्माबाई : असं नका बोलू, नेमसिंगभाऊ. पाणी प्या. सकाळपासून तोंडात काही न्हाई तुमच्या.

नेमसिंग : द्या. …तांड्यातले म्हणतील पटकी हाय. माझी याडी, म्हातारी माय, म्हणंल, लेकरू दुपारच्या वक्ताला नाल्यावर गेलं, काही लागलं असंल. जवळा बाजारला एक जाणता हाय. त्याला आणू का?

पद्माबाई : न्हाई. इथून हलवू नका तिला.

नेमसिंग : एवढं बराबर कसं सांगता?

पद्माबाई : हलवू नका म्हणते ना.

नेमसिंग : बोलावून राहिले वाटतं आत. मिराचा आवाज हाय. येतो मी, तुमी बसा.

पद्माबाई : जा. …कोण? भाऊजी? सायकलवर आलात एवढ्या लांब?

सटवाजी : वैनी, इकडं या जरा. त्या लिंबाखाली. कसं हाय लेकरू?

पद्माबाई : उलट्या थांबेनात. खालूनबी लागलं. मधेच डोळे फिरवते.

सटवाजी : डॉक्टरला काय सांगितलं?

पद्माबाई : अजून काही न्हाई.

सटवाजी : बरं केलं.

पद्माबाई : काय बरं केलं? तुमाला कळलं कसं?

सटवाजी : शेतातली शेड मीच बंद करायला गेलो. सुपात मोगली एरंडाचा गर सोलून ठेवलेला, त्यातला कितीतरी न्हाई. खाली टरफल न्हाई, उंदराची लेंडी न्हाई. मला काय कळत न्हाई का?

पद्माबाई : तेलासाठी सोलत बसले व्हते म्या. पोरगी समोर बसली, तर मूठभर शेंगदाणे भाजले तिच्यासाठी. चोळून, फुकून, पांढरे करून हातावर दिले. खूश झाली. मग म्या विहिरीवर गेले घागर घेऊन. लेकराला काय कळतं, भाऊजी? म्या दिलं तेबी पांढरं, सुपात व्हतं तेबी पांढरं. तिला वाटलं, आजून हायेत.

सटवाजी : गोड लागतो म्हणतेत तो गर.

पद्माबाई : गोडच लागतो. शेळी तोंड लावत न्हाई त्या झाडाला, आन् बी गोड.

सटवाजी : आता माझं ऐका. आत डॉक्टरला वाटून राहिलं, फवारणीचं औषध पोटात गेलं. नर्स बोलत व्हती दारात. तर वाटू द्या. औषध सारं गाव फवारतं. कोणाच्या वावरातलं वांगं खाल्लं, कोण सांगणार?

पद्माबाई : मग ते त्या औषधावरची सुई देतील.

सटवाजी : देतील.

पद्माबाई : भलतीच सुई.

सटवाजी : सुई ती सुई, वैनी. काहीतरी उतार पडंल.

पद्माबाई : तुमी मॅट्रिक झालेले. आपल्या वस्तीत तुमीच एक. तुमी असं बोलता?

सटवाजी : भ्या वाटतं म्हणून बोलतो. परवा संस्थेला पैसा देणारे मुंबईचे पाहुणे येऊन राहिलेत. एंजिन दाखवायचं हाय त्यांना, आपल्या बियांच्या तेलावर पाणी ओढताना. गावात रॉकेलसाठी डबे घेऊन रांगा लागल्यात, डिझेल मिळंना. म्हणून तर संस्थेनं हे शेत काढलं. अर्ध्यात माणसाचं खाणं, अर्ध्यात एंजिनाचं. आन् हे सगळं कुठं? गायरानात. त्या गायरानासाठी आमचा मुंजाजीदादा कळमनुरीच्या कचेरीत चपला झिजवून मेला. तुमचाच नवरा, तुमाला काय सांगू. आता कुठं संस्था म्हणते, शेत नीट चाललं की जमीन राबणाऱ्यांच्या नावावर करायला लावू. आन् गावातले टपून बसलेत. एंजिनाच्या शेतात पोरगी मेली, एवढं एक वाक्य पुरे त्यांना.

पद्माबाई : मेली म्हणू नका.

सटवाजी : चुकलं. पण गेली ना जमीन, तर पुन्हा मिळायची न्हाई. ना तुमाला, ना वस्तीतल्या कोणाला.

पद्माबाई : गप बसा. नेमसिंगभाऊ येऊन राहिले.

नेमसिंग : पद्माबाई… अरे, सटवाजीभाऊ. तुमीबी आले? आभार हायेत तुमचे.

सटवाजी : यावंच लागतं. कशी हाय?

नेमसिंग : हात थंड पडले. मिरा चोळून राहिली. डॉक्टर म्हणतो, जहरच हाय, पण कोणतं ते कळंना. नाडी पाहून म्हणाला, औषधाचं वाटत न्हाई बराबर, पण थांबायला वक्त न्हाई. सुई भरायला सांगितली त्यानं. मला म्हणाला, भाऊ, आठव. मी काय आठवू? मी नव्हतोच तिथं.

पद्माबाई : म्या व्हते.

सटवाजी : वैनी.

पद्माबाई : नेमसिंगभाऊ, तिनं मोगली एरंडाचा गर खाल्ला.

नेमसिंग : काय म्हणल्या?

पद्माबाई : एंजिनाच्या तेलासाठी सोललेला गर. सुपात व्हता. सूप उघडं टाकून म्या पाण्याला गेले. किती खाल्ला ते ठावं न्हाई. मूठभर तरी असंल.

नेमसिंग : तुमाला कवापासून ठावं?

पद्माबाई : तिला पहिली उलटी झाली तवापासून. पांढरं पडलं व्हतं उलटीत.

नेमसिंग : मग इतका वक्त माझ्या शेजारी बसल्या तुमी.

पद्माबाई : बसले.

नेमसिंग : मला पाणी पाजलं.

पद्माबाई : शिव्या मागून द्या. आधी मला आत जाऊ द्या. ह्या पाह्या, थोड्या बिया पदराला बांधून आणल्यात. गाडीत बसतानाच बांधल्या. दाखवायची हिंमत झाली न्हाई. सरका.

सटवाजी : वैनी, आपल्या वस्तीचं—

पद्माबाई : सरका, भाऊजी!

नेमसिंग : …तुमी कुठं चालले, सटवाजी?

सटवाजी : आत. पाहून येतो.

नेमसिंग : बसा इथंच. तुमालाबी ठावं व्हतं?

सटवाजी : व्हय.

नेमसिंग : मला वाटलं, माझ्या पोरीला पाह्यला आले. मी आभार मानले तुमचे.

सटवाजी : पोरीलाबी पाह्यलाच—

नेमसिंग : झूट नका बोलू. माझ्यात आता झूट ऐकायची ताकत न्हाई.

सटवाजी : तुमच्या तांड्याला खडकाळ का होईना, जमीन हाय, नेमसिंग. आमच्या वस्तीकडं पाय टेकवायला हे एकच रान. ते गेलं तर—

नेमसिंग : तर काय? माझ्या पोरीच्या अंगावरून जाते का तुमची जमीन?

सटवाजी : …न्हाई.

नेमसिंग : मी आत्ता तांड्याला निरोप धाडला तर काय व्हईल, ठावं हाय तुमाला?

सटवाजी : ठावं हाय.

नेमसिंग : एक झाड उभं राह्यचं न्हाई तुमच्या त्या शेतात. डोकीबी फुटतील. तुमचीबी, आमचीबी.

सटवाजी : धाडणार का?

नेमसिंग : मला आता काही सुचत न्हाई. बोलू नका तुमी माझ्याशी. …आल्या त्या. पद्माबाई, काय झालं? बोला की.

पद्माबाई : सुई ठेवली बाजूला. नळी घालून पोट धुऊन राहिले. हाताला सलाइन लावलं. डॉक्टर म्हणले, ह्या बियांवर उतारा न्हाई, पण पाणी आत जात राह्यलं तर लेकरू तगतं. आजची रात जाऊ द्या म्हणले.

नेमसिंग : अजून काय म्हणला?

पद्माबाई : मला ओरडले. म्हणले, बाई, बिया पदरात घेऊन व्हरांड्यात काय करत व्हतीस?

नेमसिंग : आन् मिरा?

पद्माबाई : मिरानं ऐकलं सगळं. म्या पारूचे पाय चोळायला गेले, तर माझा हात झटकला तिनं.

नेमसिंग : मी जातो तिच्याजवळ. तुमी आता आत येऊ नका.

पद्माबाई : न्हाई येत. इथंच बसते.

(पुढच्या आठवड्यात. शेतावर, सकाळची वेळ.)

पद्माबाई : नेमसिंगभाऊ? तुमी? आन् नांगर कशाला आणला?

नेमसिंग : सटवाजीनं निरोप धाडला. उभं पीक मोडायचं हाय म्हणे. मी म्हणलं, हे काम दुसऱ्या कोणाला देऊ नका, मीच येतो. फाळ लावून आणला. पैसे घेणार न्हाई. दाखवा, कुठून घालू? ह्या टोकापासून?

सटवाजी : थांबा नेमसिंग. ती एरंडं न्हाई मोडायची.

नेमसिंग : मग?

सटवाजी : ही बाजू. जवारी. वांगी. पलीकडचा पालक.

पद्माबाई : भाऊजी, चेष्टा करून राहिलात का? जवारी पोटरीत आलीय, कणसं बाहेर पडायला टेकलीत!

सटवाजी : मी कशाला चेष्टा करू? संस्थेकडून, वरून सांगून आलंय. खाण्याचं आन् तेलाचं एका जागी असलं की धोका व्हतो. म्हणून खाण्याचं काढा. सगळ्या रानात एरंड लावा, भवताली तार ओढा. आन् लेकरू घेऊन बाई कामाला यायची न्हाई.

पद्माबाई : लेकरू ठेवून कुठं यायचं बाईनं?

सटवाजी : ते त्यांनी सांगितलं न्हाई.

नेमसिंग : पाहुणे आले व्हते ना? त्यांनी काय पाह्यलं?

सटवाजी : एंजिन पाह्यलं. पाणी पडलं तशा टाळ्या वाजवल्या. एकानं तेल बोटावर घेऊन वास घेतला. जवारीकडं कोणी गेलं न्हाई. मग मी पारूचं सांगितलं.

पद्माबाई : तुमी सांगितलं?

सटवाजी : संस्थेच्या आमच्या साहेबांनी मना केलं व्हतं. तरी सांगितलं. सगळ्यांसमोर. म्हणलं, हे तेल चांगलं हाय, पण ह्याची बी लेकरू खातं आन् मरायला टेकतं, त्याचं काहीतरी करा. मला वाटलं, ते म्हणतील, बी कुलपात ठेवा, सोलायची जागा लांब न्या. तर हे केलं त्यांनी.

पद्माबाई : दवाखान्यात म्या तोंड उघडलं नसतं, तर तुमीबी उघडलं नसतं.

सटवाजी : न्हाई. नसतं उघडलं.

पद्माबाई : आन् जवारी उभी राह्यली असती.

नेमसिंग : आन् माझी पारू? ती कुठं राह्यली असती?

पद्माबाई : तसं न्हाई म्हणले म्या, भाऊ. म्या आज पुन्हा तेच करीन. पण ही जवारी कशी मोडू? हात लावून पाह्या त्या जवारीच्या ताटाला. मुंजाजी गेल्यावर पहिल्यांदा आमच्या वस्तीनं स्वतःच्या हातानं पेरलेलं धान्य हाय हे.

नेमसिंग : सटवाजी, मी ह्यात नांगर घालत न्हाई. बैल सोडतो.

सटवाजी : मग मी काय सांगू वर?

नेमसिंग : तुमाला सुचंल ते सांगा.

सटवाजी : बैल बसले म्हणून सांगतो. खुरकूत आली म्हणतो. चार दिस निघतील.

पद्माबाई : न्हाई. बैल धडधाकट हायेत. नांगरणारा न्हाई म्हणला, असं सांगा. आन् त्याच्या खाली माझं नाव घाला. मोडू देणार न्हाई म्हणली म्हणावं.

सटवाजी : मला काढून टाकतील, वैनी.

पद्माबाई : मलाबी काढतील.

सटवाजी : आन् कळमनुरीहून दुसरा नांगर आणतील.

पद्माबाई : आणू द्या. त्या नांगरापुढं म्या बसते, मग काय व्हायचं ते व्हईल. तुमी बसायचं का न्हाई, ते तुमचं तुमी ठरवा.

सटवाजी : …मी सायकल आणतो. हिंगोलीला संस्थेच्या कचेरीत जाऊन तोंडानंच सांगतो. कागदावर लिहिलं तर घाबरून दुसरंच काही लिहीन.

पद्माबाई : भाकर खाऊन जा.

सटवाजी : आल्यावर खातो.

पद्माबाई : नेमसिंगभाऊ, बैलांना पाणी पाजा, तापले असतील. …मिरा काय म्हणते?

नेमसिंग : तुमचं नाव काढलं की उठून जाते. ह्या शेतात ती येणार न्हाई आता. मी आलो, तेबी तिला सांगून आलो न्हाई.

पद्माबाई : तिची चूक न्हाई.

नेमसिंग : मी तरी तुमाला माफ केलं का न्हाई, मला ठावं न्हाई, पद्माबाई. त्या व्हरांड्यात तुमी पाजलेलं पाणी इसरत न्हाई. पण आमी घरी निघताना डॉक्टर म्हणाला, बाईनं बिया दाखवल्या म्हणून पोरगी वाचली. ते दोन्ही माझ्या डोक्यात घुमून राहिलं.

पद्माबाई : पारू चालते का आता?

नेमसिंग : चालते. बारीक झाली. काल शेळीमागं पळालीबी.

पद्माबाई : आन् खाते का पोटभर?

नेमसिंग : खाते. पण हातात दिलं की तसंच धरून बसते. परवा मिरानं ताजी भाकर दिली, तर म्हणली, याडी, हे खायचं हाय ना?

पद्माबाई : मग?

नेमसिंग : मग मिरानं तिच्यासमोर एक घास खाल्ला, मी एक खाल्ला. आता रोज तसंच चालतं. आधी आमी, मग ती.