ते विहिणीकडून आलंय

नाही, पण मला सांगा, चार वेळा बाही वर करून चार वेळा खाली ओढणाऱ्या पोराला नातजावई म्हणायचं कसं? अस्वलापुढे न हललेला हा एल्डन, दवाखान्यात सुई दिसली की म्हणतो, "आजी, पुढच्या आठवड्यात... आता रानहंस उतरलेत, शिकारीला जायचंय." हंस काय, दरसाल उतरतात.

याचं लग्न ठरलंय ती माझी नात डेलिया, हिच्यात रक्तातून येणारा एक दोष आहे, शाळेच्या तपासणीतच कळलं. ते विहिणीकडून आलंय, आमच्या घरात तसलं काही नाही. एकीकडूनच आलाय म्हणून पोरीला काही होत नाही. पण एल्डनमध्येही निघाला, तर दर बाळाला चारात एक धोका! माझ्या बहिणीचा सॅमी सात महिन्यांचा होता, साधा ताप आला, त्यानंतर त्यानं मान धरली नाही... गेलाच. नर्स म्हणते, "आजी, सॅमीलाही आईबाप दोघांकडून आलं असणार." म्हटलं, आमचा मेहुणा एकटाच दोघांच्या वजनाचा होता.

तुम्हाला सांगते, मी शाळेत गेले नाही, पण नर्सचं पुस्तक चार हिवाळे वाचलंय. एल्डनला बसवून सांगितलं, बाबा, अंगात प्रथिनं बनायची तर पहिला गडी कामावर पोचवावा लागतो, तो नेणारी एक बर्फगाडी असते, दर खेपेला तिची टाकी रिकामी, आणि ती भरून देणारा माणूस वेगळा. या दोषात तोच सुस्त. एरवी निभतं, पण ताप आला, डोकं आपटलं की गाड्या जागच्या जागी उभ्या आणि मेंदूतला पांढरा भाग विरून जातो. तर म्हणतो, "मग दुसरा माणूस ठेवू." ठेव, मिळाला तर डॉक्टरांनाही कळव!

शेवटी म्हणाला, "आधी तुम्ही रक्त द्या, आजी. तुमच्या घरात नाहीच, तर भीती कसली?" दिलं मी. मग त्यानंही दिलं, डोळे मिटून.

तिसऱ्या आठवड्यात शिकारीच्या तळावर आम्ही हंसांची पिसं उपटत होतो, तेव्हा नर्सचा फोन आला. एल्डन निर्दोष. डेलिया रडली, हसली, पुन्हा रडली. मग नर्स म्हणाली, "आजी, तुमच्यात आहे."

समोर विहीण बसलेली, हिल्डा. अकरा वर्षं जिला ऐकवलं ती. मान वर न करता म्हणाली, "डेलियाचं कळलं तेव्हाच मी आणि ह्यांनी तपासून घेतलं होतं. आमच्यात नाही."

"मग बोलला का नाहीत, विहीणबाई?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मी पुढचा हंस ओढून घेतला. पिसं पुष्कळ होती.