जिना चढताना दुखणारी दाढ

सन्माननीय अध्यक्ष आगारप्रमुख साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, समोर बसलेले चालक-वाहक, कार्यशाळेतले माझे ग्रीसने माखलेले सोबती, माता-भगिनींनो, आणि आज निवृत्त होणारे उत्सवमूर्ती, तुमचे उस्ताद आणि माझे दाजी, सर्वांना मनापासून नमस्कार.

मेकॅनिकच्या हाती माईक म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तरी दिलात, आभारी आहे.

या आगारातले निम्मे चालक उस्तादांच्या शिव्या खाऊन गाडी शिकले. इंजिनाचा आवाज जरा बदलला की दाजी गाडी बाजूला घ्यायचे, मग प्रवासी कितीही बोंबलोत. मग मला सांगा, असा माणूस स्वतःच्या बाबतीत इतका आडमुठा कसा?

मध्यंतरी दाजींची दाढ दुखायला लागली. जेवताना नाही, गार पाणी पिताना नाही. फक्त जिना चढताना! हसा, हसा, आम्हीही हसलो. दंतवैद्य म्हणत होते, "अहो, दाढ ठणठणीत आहे." दाजींनी हट्टाने उपटून घेतली. दाढ गेली, दुखणं तिथंच. शेवटी माझ्या ताईने भांडून मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हृदयाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या आतून चरबीने अरुंद झाल्यात. चढताना रक्त कमी पडतं, कळ जबड्यात येते, बसलं की जाते.

आता कारणं काय सांगू? आरसा बघा की! दिवसभर एका जागी बूड, प्रत्येक फेरीनंतर सिगारेट आणि काहीतरी तळलेलं, वर रस्त्यावरचा संताप. रक्तदाब, साखर तपासा म्हटलं तर, "मला काय धाड भरलीय?" दाजींचे थोरले भाऊ याच दुखण्याने गेले. घरात असं असलं तर जास्तच जपावं लागतं. धूर सोडा, रोज चाला, मीठ-तेलाला हात आखडा, गोळी चुकवू नका. डॉक्टर कानीकपाळी ओरडतात, ते एवढंच आहे हो!

पण आपल्या आगारात 'छाती' हा शब्द कुणी उच्चारतो का? उच्चारला की स्टिअरिंग सुटतं, ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवतात. म्हणून इथं सगळ्यांना 'पित्त' होतं. साहेब, रागावू नका, पण या पित्ताने आपली किती माणसं नेली, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

उद्या सकाळी दाजींची अँजिओग्राफी ठरली होती. आज सकाळी त्यांनी फोन करून रद्द केली. म्हणे, "निरोप होऊ दे, मग निवांत बघू." ताई ती बघा, पहिल्या रांगेत पदराचं टोक पिळत बसलीय. गोड बोलून झालं, भांडून झालं, म्हणून घरचं गाऱ्हाणं आज चव्हाट्यावर आणलं. मला भीती वाटते हो. दाजी, तुमच्या पाया पडतो. सगळ्यांसमोर एकदा म्हणा, उद्या जातो.

नुसती मान नका हलवू. तोंडाने म्हणा.

दाजी? गालाला हात का लावलात? जिना तर मघाशीच चढून आलात. बसल्या जागी दुखतंय? आणि डोक्यावर पंखा असताना हा एवढा घाम?

पित्त म्हणू नका! आता तरी म्हणू नका!

अध्यक्ष महाराज, क्षमा करा, सत्कार राहू दे. अरे, ॲम्ब्युलन्सला फोन लावा कुणीतरी. दाजी, उठायचं नाही, एक पाऊल टाकायचं नाही, आम्ही खुर्चीसकट उचलतो. कॉलरचं बटण सोडा त्यांचं. ती फुलं बाजूला घ्या.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभार. कुणाला लागेल असं बोललो असेन तर पोटात घाला. पण वाट द्या. वाट द्या हो, माझ्या ताईला आधी पुढे येऊ द्या!