राखणदाराची हलकी चिरूट

बसा मंडळी, बसा. मागचे जरा पुढे सरका, खांबाला टेकलेले जागे राहा. आज एकच गोष्ट विचारतो. दुसऱ्यासाठी एखादी वस्तू आणायला तुम्ही बाजारात जाता, तेव्हा ती निवडतं कोण? पाय तुमचे, पिशवी तुमची, कबूल. पण जीभ कोणाची? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

तळकोकणात घोटवळे नावाचं गाव. वेशीवर वडाखाली राखणदार. तुम्हाआम्हाला तो दगड दिसेल, पण गावात तसं म्हणायचं नाही. तो वर्षभर गाव राखतो, म्हणून वर्षातून एकदा गाव त्याला जेवू घालतं. त्या दिवसाला म्हणायचं राखण. वडे, कोंबडा, नारळ, आणि शेवटी एक चिरूट. चिरूट कशाला? ठाऊक नाही. आजे देत होते, म्हणून बाप देत होते, म्हणून हे देतात. आता राखणदार ती ओढणार कशी? तर गावात झिलू मेस्त्री नावाचे एक म्हातारे होते, त्यांच्या अंगात तो येई. आला की झिलूंच्या हातात चिरूट पेटवून द्यायची. ती ओढून व्हायची, राखणदार गावाला चार शब्द सांगायचा आणि जायचा.

एका वर्षी काय झालं — राखणदार आला, चिरूट घेतली, झुरका मारला आणि खोकायला लागला. देवाला ठसका! पेटीवाले, तुम्ही हसताय. तिथे कोणी हसलं नव्हतं. पुजाऱ्यानं दगडावर पाणी ओतलं. खोकला थांबेना. शेवटी डोळे पुसत राखणदार म्हणाला, "कडक नको. फुडल्या वर्सा हलकी हाडा." हाडा म्हणजे आणा. आणि गेला.

देवस्थान समितीची बैठक बसली. हलकी म्हणजे काय? खजिनदार म्हणाले, "हलकी म्हणजे स्वस्तातली. देवाला आपली परिस्थिती दिसते." अध्यक्ष म्हणाले, "हलकी म्हणजे सौम्य." दुपार टळली तरी वाद मिटेना. अखेर ठरलं की देवाच्या शब्दाचे दोन अर्थ निघाले तर दोन्ही पाळावेत. चिरूट सौम्यही हवी आणि स्वस्तही हवी. चिरूट बंदच करावी, असं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. कसं येईल? बैठकीत डोकी पुष्कळ होती, पण ती सगळी समितीची होती.

मग चाखून निवडणार कोण? विचारायचा अवकाश, गावातल्या सगळ्या विडीवाल्यांनी हात वर केले. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या जिभा बाटलेल्या." निवड झाली विश्राम धुरी गुरुजींची. शाळेतून निवृत्त झालेले, सुपारीसुद्धा न खाणारे, आणि काम दिलं की जीव ओतणारे. गुरुजी जिल्ह्याच्या गावी जाऊन तीन जातींच्या चिरुटी घेऊन आले. दुकानदारानं बजावलं होतं, "धूर तोंडात घोळवायचा, गिळायचा नाही." गुरुजींच्या पत्नी मालिनीबाईंनी त्यांना घरात बसू दिलं नाही. गुरुजी गोठ्यात बसले.

पहिली पेटवली आणि धूर गिळला. डोळे पांढरे झाले. गाय दाव्याला हिसके देऊ लागली, तिला बाहेर बांधावं लागलं. "ओल्या शेणीची चूल," गुरुजींनी निकाल दिला, "नापास."

दुसऱ्या दिवशी दुसरी. तोंडात काही आल्यासारखंच वाटेना. कोमट पाणी प्यायल्यासारखं. "फिकी," गुरुजी म्हणाले. "ही देवाला द्यायची म्हणजे त्याचा अपमान."

मग तिसरी. किंचित कडक, पण काय सांगू मंडळी! आधी जायफळ, मग जुनी लाकडी पेटी उघडल्यासारखा वास, आणि शेवटी भाजल्या काजूची चव. गुरुजींनी डोळे मिटले. खात्री करायला म्हणून त्यांनी ती पुन्हा ओढली. पुढच्या आठवड्यात पुन्हा खात्री केली. खात्रीसाठी आणखी मागवली.

मालिनीबाई गोठ्याच्या दारात येऊन म्हणाल्या, "अहो, ही राखणदारासाठी ना?"

"हो."

"मग मान तुमची का डोलतेय?"

गुरुजींनी हातानंच 'थांब' अशी खूण केली. तोंडात धूर होता.

राखणीचा दिवस जवळ आला. निवड पक्की झाली, पण ओढणाऱ्याला एकदा विचारावं म्हणून तिसरी चिरूट घेऊन गुरुजी झिलूंकडे गेले. झिलू भिंतीला उशी लावून बसले होते. बसले कसले, निजता येत नव्हतं म्हणून टेकले होते. एक वाक्य बोलायला दोनदा थांबत होते.

"झिलूदादा," गुरुजींनी विचारलं, "राखणदाराला चिरुटीची चव कशी लागते?"

"माका काय ठाऊक, गुरुजी? तो येता तेवा मी खंय असतंय?"

"मग तुम्हाला काहीच कळत नाही?"

"चव कळना नाय. पण तो गेल्यार महिनोभर छाती भरलेली असता."

गुरुजींनी चिरूट हळूच खिशात टाकली. चव राखणदाराला आणि धूर झिलूंना! दगडाला कुठला घसा, मंडळी? राखणदार खोकला तो या म्हाताऱ्याच्या छातीतून, आणि हलकी मागितली तीही याच्यासाठी. गाव शब्दाचा अर्थ लावत बसलं. ज्याच्या तोंडून तो शब्द आला, त्या माणसाकडे कोणी वळून पाहिलं नाही.

राखणीला गुरुजींनी ती फिकी चिरूट नेली. अध्यक्षांनी हुंगून पाहिली, तोंड वाकडं केलं. "गुरुजी, कोपला तर गाव तुम्हाला धरील." तरी गुरुजींनी चिरूट स्वतः पेटवली आणि झिलूंच्या हातात दिली.

राखणदारानं झुरका मारला. थांबला. पुन्हा मारला. ढोल बंद पडले. गुरुजींकडे वळून तो म्हणाला, "कोणी हाडलान ही?"

"मी, महाराजा."

"चव नाय."

गुरुजींनी मान खाली घातली.

"पण ह्या म्हाताऱ्याक सोसता," राखणदार म्हणाला आणि निवांत ओढत बसला.

ऐकलंत? देवानं चव सोडली, माणूस धरला. आणि आपण? साखर वाढलेल्या वडलांसाठी श्रीखंड आणतो आणि म्हणतो, ते नाही म्हणाले तर आहोतच आपण. बायकोसाठी आपल्याला आवडलेल्या रंगाचं लुगडं आणतो आणि ती हसली नाही की रुसतो. इथे देवापुढे पेढे ठेवलेत, तेही तुमच्या आवडत्या दुकानातले. असू द्या, तो घेईल. पण आज घरी गेल्यावर, आपल्या माणसाला काय सोसतं, तेवढं एकदा त्यालाच विचारा. आणि तो जे सांगेल त्याचा अर्थ लावायला समिती बसवू नका.